मैत्रिणीला धर्ममाता करायचंय, फादर नको म्हणतात

‘ताई, माझी मुलगी तीन महिन्यांची झाली. पुढच्या महिन्यात तिचा बाप्तिस्मा करायचाय. धर्ममाता म्हणून माझ्या मनात पहिल्यापासून एकच नाव होतं, माझी शाळेपासूनची मैत्रीण. सातव्या महिन्यात मला रक्तस्राव झाला तेव्हा नवरा रात्रपाळीला होता. हिनेच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि सहा रात्री उशाशी बसून राहिली. ती हिंदू आहे. फादर म्हणाले, नाही चालणार. सासूबाई म्हणतात, पहिल्या बाळाचा मान मस्कतच्या थोरल्या दिरांचा. ते कित्येक वर्षांत चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला गेलेले नाहीत, पण सोन्याची साखळी तेच घालणार म्हणून सगळे गप्प. बारावीतली नणंद बिचारी रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवून आली की आमंत्रणं लिहायला बसते, आणि घरात वाद चालूच. मैत्रीण म्हणते, ख्रिस्ती नाव सांग, कोण बघतंय? दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ का? निदान साक्षीदार म्हणून तिचं नाव लागेल का? मला काही झालं तर माझ्या लेकीला हिनेच सांभाळावं, एवढंच मला हवंय.’
– एक आई, वसई

बाय, तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तू मरणाच्या दारातून परत आलीस आणि ती भीती अजून अंगातून उतरलेली नाही. म्हणून आधी त्याचंच बोलते. धर्ममाता म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या श्रद्धेची हमी घेणारी बाई, कायद्याने पालक नव्हे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव लागल्याने कुणाला मुलाचा ताबा मिळत नाही. आपल्याकडे 1925चा भारतीय वारसा कायदा बापाला मृत्युपत्रात अज्ञान मुलासाठी पालक नेमायची मुभा देतो, आणि वेळ आलीच तर 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्ट ठरवतं. तेव्हा ही इच्छा खरी असेल तर नवऱ्याजवळ मोकळेपणाने बोल आणि दोघं मिळून एकदा वकिलाकडे जाऊन या. ते काम चर्चच्या वहीवर टाकू नकोस, तिथे ते होणार नाही.

आता फादरांचं. त्यांनी तुझ्या मैत्रिणीचा अपमान केला असं तुला वाटतंय, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या 1983च्या कायद्यातलं 874वं कलम सांगतं की धर्ममाता किंवा धर्मपिता कॅथलिक हवा, त्याचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं) झालेलं हवं, वयाची सोळा वर्षं पूर्ण हवीत, आणि त्याचं जगणं त्या जबाबदारीला शोभणारं हवं. बाळाचे आईबाप स्वतः ती जागा घेऊ शकत नाहीत. वयाच्या बाबतीत फादर योग्य कारण असेल तर सूट देऊ शकतात. श्रद्धेच्या बाबतीत ती सोय नाही.

का नाही, तेही सांगते. त्या दिवशी वेदीसमोर फादर बाळाला काहीच विचारत नाहीत, ते तुम्हाला विचारतात. सैतानाचा त्याग करता का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का? धर्ममातेला मोठ्याने ‘होय’ म्हणायचं असतं. तुझ्या मैत्रिणीने तुझ्यावरच्या मायेपोटी ते म्हटलंही असतं. पण जे ती मानत नाही ते तिच्या तोंडून देवासमोर वदवून घ्यायचं? तिचेही देव आहेत, तिचीही श्रद्धा आहे. हा नियम तिला दाराबाहेर उभं करतो असं तुला वाटतं. मला वाटतं, तो तिला खोट्या शपथेपासून वाचवतो.

ही जागा मुळात मानाची नव्हेच, ती जामिनाची आहे. साधारण इ.स. 200च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्यावर लिहिलं, तेव्हाही तान्ह्या मुलांसाठी जामीन राहणारी माणसं होती, आणि त्याला त्यांचीच काळजी वाटत होती: हा मधेच मेला तर वचन कोण पाळणार, पोर वाईट निघालं तर याने काय करायचं? साखळीचा विषय तिथे कुठे नाही. साखळी आपण नंतर आणली आणि तीच मोठी करून बसलो. इटलीत सिसिली बेटावरच्या कातानिया धर्मप्रांताने तर 2021 साली तीन वर्षांसाठी धर्ममाता-धर्मपिता नेमणंच थांबवलं, कारण ही नाती नुसती ओळखीपाळखीची आणि देण्याघेण्याची उरली होती. मला तो निर्णय वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

साक्षीदाराचं म्हणशील तर तीही वाट तुझ्यासाठी नाही. एका कॅथलिक धर्ममाता-पित्याच्या जोडीला ख्रिस्ती साक्षीदार उभा राहू शकतो, पण तो बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा किंवा मेथडिस्ट, असा. आणि नाव बदलून सांगणं, दुसऱ्या चर्चमध्ये जाणं, हे डोक्यातून काढून टाक. लहान मुलाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईबापांच्या स्वतःच्या पॅरिशमध्येच, म्हणजे राहत्या भागाच्या चर्चमध्येच होतो. दुसरीकडे गेलीस तरी ते तुझ्या फादरांचं पत्र मागतील. शिवाय त्या वहीत धर्ममातेचं नाव लिहिलं जातं आणि वही जन्माची राहते. उद्या लेकीचं लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा दाखला त्याच वहीतून निघणार. तिच्या आयुष्यातली पहिली नोंद खोटी असू नये.

सासूबाईंना मी दोष देत नाही, आपल्या भागात थोरल्याचा मान ही जुनी रीत आहे. पण चर्चच्या कायद्यात निवड आईबापांची असते, आणि हे आईला सांगायचं काम तुझ्या नवऱ्याचं आहे, तुझं नव्हे. दिरांना मात्र परस्पर वगळू नका. नवऱ्याने एक फोन करावा आणि सरळ विचारावं: दादा, तुला हे मनापासून करायचंय का? मस्कतला रुवीमध्ये संत पीटर आणि पॉल यांचं चर्च आहे. ते तिथे जायला लागले, तिथल्या फादरांना भेटले, तर पुढचं बोलता येईल. इतकी वर्षं घरच्या कुणी त्यांना साखळीव्यतिरिक्त काही मागितलंच नसेल, कोण जाणे.

आणि धर्ममाता तर तुझ्या घरातच बसली आहे. नणंदेचा उल्लेख तू जाता जाता केलास, तोही आमंत्रणं लिहिणारी म्हणून. दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांना प्रार्थना शिकवणारी मुलगी! बारावीत आहे म्हणजे सोळा पूर्ण झाली असतील. दृढीकरण झालंय ना, एवढं विचार. धर्ममाता आणि धर्मपिता दोघं हवेतच असं नाही, 873व्या कलमाप्रमाणे एकटी धर्ममाताही पुरते. माझी धर्ममाता आईची धाकटी बहीण होती, माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी अठरा वर्षांची. तिने मला सोनं घातलं नाही. पण रोझरीची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना मी तिच्या मांडीवर शिकले, आणि वडील गेले त्या वर्षी मी चर्चवर रुसून बसले होते, तेव्हा ती दर शनिवारी येऊन काही न बोलता माझ्याजवळ बसायची. तुझी नणंद तुझ्या लेकीहून जेमतेम सतरा वर्षांनी मोठी आहे. लेक वीस वर्षांची होईल तेव्हा ही आत्या धडधाकट असेल.

मैत्रिणीला हे व्हॉट्सअॅपवर कळवू नकोस. बाळाला घेऊन तिच्या घरी जा आणि समोर बसून सांग. त्या दिवशी तिला पहिल्या बाकावर, तुझ्या आईशेजारी बसव. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि एक काम तिच्याकडे माग. पाणी ओतून झालं की बाळाला शुभ्र वस्त्र घालतात. ते घरच्यांनी आणलं तर उत्तमच. ते तिला शिवायला सांग, शिवता येत नसेल तर कापड तिने निवडावं. फक्त समोरून उघडणारं झबलं हवं, म्हणजे ओल्या डोक्यावरून ओढावं लागत नाही. माप जरा सैलच ठेवा, महिन्याभरात लेक वाढलेली असेल.