आइस हॉकीपटू ब्रेट लिंड्रॉस पहिल्या दहात ड्राफ्ट होऊनही (ड्राफ्ट म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती पद्धत) एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये, फक्त 51 मॅच का खेळला?

डोक्याला परत परत मार लागून कन्कशन (मेंदूला धक्का बसून होणारी इजा) झाले म्हणून, फॉर्म गेला किंवा टीमने काढलं असं काही नव्हतं. 1994 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला 9व्या नंबरवर घेतलं, सहा फूट चार इंच उंची आणि खेळायची पद्धत म्हणजे सरळ अंगावर जाऊन धडक मारायची, एनएचएलच्या रेकॉर्डमध्ये बघा, 51 मॅचमध्ये 147 पेनल्टी मिनिटं (नियम मोडल्याची शिक्षा म्हणून बाहेर बसायचा वेळ) आहेत! त्या काळी धडक बसून डोकं गरगरलं तरी पोरं लगेच परत बर्फावर उतरायची, आणि मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला की प्रकरण फार गंभीर होतं. शेवटी मे 1996 मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्याला रिटायर व्हावं लागलं, आणि माझ्या मते तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. फक्त एक आहे, तो खेळत राहिला असता तर मोठा भाऊ एरिकसारखा स्टार झालाच असता असं छातीठोक सांगता येत नाही, कारण त्याचे गोल 2 आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत) 5 च आहेत, पण एवढ्या लहान वयात फैसला करणंही चुकीचंच.