एफसी वक्र इतका उथळ आला, म्हणजे माझी वायबीसीओची वडी बिघडली का?

नाही, बिघडलेली नाही. वायबीसीओ म्हणजे यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं अतिवाहक; पुरेसं थंड केलं की त्याचा विद्युत रोध शून्य होतो आणि ते चुंबकीय क्षेत्र बाहेर ठेवतं. रोध ९१ केल्विनला शून्य झाला, झेडएफसीत (क्षेत्राशिवाय थंड करून मोजताना) अतिवाहक भाग ९० टक्के आला आणि एफसीत (क्षेत्रातच थंड करताना) जेमतेम १५, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून वडी टाकून देऊ नका.

झेडएफसीत वडी आधी थंड होते, क्षेत्र मग लागतं. पृष्ठभागावर प्रवाह उभे राहतात आणि क्षेत्राला आत येऊच देत नाहीत. एफसीत क्षेत्र आधीपासून आत असतं, ते थंड होताना बाहेर पडायला हवं. माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलं ते हेच. पण वायबीसीओत दोष आणि कणांच्या सीमा भरपूर, फ्लक्स, म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र, त्यांत अडकून बसतो. म्हणून एफसी कमी भरतो.

मला काळजी वाटते ती तुमच्या ९० टक्क्यांची. नुसतं बाहेरचं कवच अतिवाहक असलं, तरी ते आतला सगळा भाग झाकतं आणि झेडएफसी भरघोस येतो. रोधाचंही तेच, प्रवाहाला एक सलग वाट पुरते. दाट वडीत ऑक्सिजन गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, असं बरेचदा होतं. तेव्हा अर्धी वडी खलात कुटून भुकटी पुन्हा मोजा. जीव होत नाही, मला माहीत आहे, पण कुटा. फार बारीक मात्र करू नका. कण एक मायक्रॉनच्या खाली गेले, तर क्षेत्र जिथवर शिरतं ती खोली कणाच्या मापाची होते आणि आकडा उगाच घसरतो.

दुसरं, हे ९० टक्के काढताना आकाराची दुरुस्ती केली होती का? आमचा चार मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड तुकडा क्षेत्राला काटकोनात मोजला गेला आणि ससेप्टिबिलिटी (क्षेत्राला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद; क्षेत्र पूर्ण बाहेर राहिलं तर उणे एक) उणे २.७ आली. उणे एकच्या पलीकडे कसं जाईल, म्हणून आम्ही दोन दिवस वजन आणि घनता तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. चपट्या तुकड्याच्या कडेला क्षेत्र दाटतं. तोच तुकडा क्षेत्राला समांतर ठेवला, तर दुरुस्ती थोडीच लागते.

स्क्विडची (अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राची) पाळी मिळेपर्यंत थांबू नका. सोलापुरात आम्ही पूर्व भागातल्या एका मागवाल्याकडे, कांड्या भरायच्या यंत्रावर, इनॅमलच्या बारीक तारेची दोन सारखी वेटोळी भरून घेतली आणि उलटसुलट जोडली. सुतासारखीच तार ताणून धरायची, वेढा वेढ्याला चिकटून बसतो. बाहेरून क्षेत्र देणारी एक प्राथमिक कॉइल आणि लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत टिपणारं उपकरण). द्रव नायट्रोजन जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी येतो, त्यातलाच मागून आणला. ७७ केल्विन इथे पुरतात. अखंड वडीच्या आलेखात दोन पायऱ्या दिसल्या, एक कणांची आणि खाली दुसरी कणांमधल्या जोडांची. कुटल्यावर खालची गेली.

भुकटीचा आकडा ९० वरून एकदम ३०वर आला, तर गाभ्यात ऑक्सिजन कमी आहे असं समजा. ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ ठेवून सावकाश थंड करा. मोजताना क्षेत्र १० ओर्स्टेडपर्यंतच (ओर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ठेवा. आलेख आला की इथे टाका, मी बघतो.