दीड हजारात छापून मिळणारा पेपर

प्रश्न : मी लातूरला तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिनियर म्हणतात, सीव्हीवर दोन-तीन पब्लिकेशन नसतील तर इंटर्नशिपला कुणी दारात उभं करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलची जाहिरात आलीय : दीड हजार भरा, आठ दिवसांत पेपर छापून देऊ, प्रमाणपत्रासकट. आयएसएसएन नंबरही आहे. भरू का? आणि पुस्तकांच्या झेरॉक्स काढणं गुन्हा आहे का?

उत्तर : नको भरूस. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ आकडी ओळखक्रमांक. तो देणारा आतला मजकूर तपासत नाही. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक लागतातच असं थोडंच आहे? आणि आठ दिवसांत छापणारा तुझा पेपर वाचणार कधी?

माझी गोष्ट सांगते. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल जुलै 1985चा. मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या महापालिका हटवत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, उपजीविकेचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. आमच्या लायब्ररीत नागपूरच्या एआयआरचा (निकाल छापणारं ‘ऑल इंडिया रिपोर्टर’) तो अंक यायला पुढचं वर्ष उजाडलं. मी भारावून कॉलेजच्या वार्षिकासाठी आठ पानं लिहिली, ‘फुटपाथवासीयांचा विजय’. सरांनी शीर्षक वाचलं आणि विचारलं, “मग त्या लोकांचं काय झालं गं?”

मला सांगता येईना. हेडनोटच्या, म्हणजे प्रकाशक निकालाच्या वर छापतो त्या सारांशाच्या, पहिल्या चार ओळींवर मी आठ पानं रचली होती. निकाल शेवटपर्यंत वाचला तेव्हा कळलं की अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारं मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314 कोर्टानं वैध ठरवलंय. फुटपाथवरच्या झोपड्यांना मुदत मिळाली ती पावसाळा सरून महिना होईपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत. पानं फाडली. तीनदा लिहून छापून आली अडीच पानं, तीही माझ्या नावातली वेलांटी चुकवून! पण पुढे वकिलीत एकही निकाल मी शेवटून वाचायला विसरले नाही.

तूही एकच निकाल घे. चेक बाउन्सचा घे, कलम 138चा. तुमच्या कोर्टात रोज त्यांची रांग असते. वाद काय होता, कोर्टानं काय ठरवलं, कशावरून ठरवलं, आणि तुला कुठे पटलं नाही. हा शेवटचा भाग स्वतःचा हवा. दोन पानं पुरेत, मराठीत लिहिलीस तरी चालेल. कॉलेजचा अंक निघत नसेल तर ग्रंथपालांना गाठा आणि चारजणी मिळून काढा. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ 1887 पासून विद्यार्थीच चालवतात. दुसऱ्याच्या लेखातले संदर्भ पडताळताना वर्गात न कळलेलं बरंच कळतं. शिवाय मुलाखतीत कुणी त्या लेखावर बोट ठेवून विचारलं, तर तुला दोन वाक्यं तरी बोलता येतील.

आता झेरॉक्स. शिकण्या-शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलेला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं हीच बाजू घेतली. मात्र नक्कल अभ्यासाला लागते तेवढीच हवी. प्रती काढून विकायला बसू नकोस. न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर कुणीही छापावा. हेडनोट तेवढी प्रकाशकाची. ती उतरवू नकोस. का, ते वर सांगितलंच.