अंतराळयान ताऱ्यांवरून आपली दिशा कशी ओळखते?

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास काणकोणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला बघा. माडांच्या शेंड्यांलगत ठळक दिसतो तो अगस्त्य. १९६४ साली मंगळाकडे सुटलेल्या मरिनर-४ या यानाने एक नजर सूर्यावर ठेवली आणि दुसरी याच ताऱ्यावर. एका खुणेवर भागत नाही, कारण यान तिच्या रोखाभोवती भोवऱ्यासारखे फिरू शकते.

आता यानावरचा छोटा कॅमेरा आकाशाचा फोटो घेतो, ताऱ्यांमधली कोनीय अंतरे मोजतो आणि संगणकातल्या तारकासूचीशी ताडून पाहतो. जुळले की यानाचे तोंड कुठे आहे ते अंशाच्या जवळजवळ हजाराव्या भागापर्यंत कळते. यान किती वळले ते मोजणारे जायरोस्कोप असतातच, पण ते हळूहळू चुकायला लागतात. तारे त्यांना वळणावर आणतात. मात्र यातून फक्त रोख कळतो, यान नेमके कुठे पोहोचलेय ते नाही.