पकडलेले किडे आणि कोळी शॅमेलिऑनला चालतात का?

प्रश्न : घरात कोळी भरपूर आहेत. व्हेल्ड शॅमेलिऑनला (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या एका जातीला) ते घातले तर कोळ्याचं विष बाधेल का?

उत्तर : कोळ्याचं विष दंशातून शरीरात शिरलं तर बाधतं. त्यात बहुतांशी प्रथिनं आणि पेप्टाइडं असतात, ती पोटात पचून जातात. रानातले शॅमेलिऑनही कोळी खातातच. चावा तोंडाच्या आत बसला तर मात्र त्रास होतो, म्हणून ब्लॅक विडोच्या कुळातले आणि रेक्लूज हे जास्त विषारी कोळी देऊ नका. टॅरँट्युला हा मोठा केसाळ कोळीही नको, त्याचे केस तोंडाला आणि डोळ्यांना टोचतात. बाकी जाळं विणणारा मऊ पोटाचा कोळी आठवड्यातून एखाद-दुसरा द्यायला हरकत नाही. पाय सोडून त्याचं धड शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नसावं.

घरातल्या कोळ्याची भीती वेगळीच आहे. तुम्ही झुरळांसाठी फवारणी केली असेल किंवा जेल लावलं असेल, तर ते विष खाल्लेले किडे कोळ्याच्या पोटात गेलेले असू शकतात. अशा घरातला एकही कोळी वापरू नका.

प्रश्न : रात्री दिव्याखाली पतंग आणि भुंगेरे ढिगाने मिळतात. कुठले टाळायचे?

उत्तर : आधी दिवाच टाळा. दिव्याला आलेला किडा कुठून उडत आला, काल कुठल्या फवारलेल्या पिकावर बसला होता, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा जिथे फवारणी होत नाही याची तुम्हाला खात्री आहे अशा गवतात दिवसा जाळी फिरवा. खात्री म्हणजे ‘आज फवारलं नाही’ एवढीच नव्हे. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं बियाण्याला लावली तरी रोपाच्या रसात, परागात आणि मकरंदात उतरतात. रस्त्याकडेची हिरवळ, शेताचा बांध आणि नर्सरीतून नुकतीच आणलेली झाडं म्हणूनच बाद. मंद हलणारा, उलटा पडून पाय झाडणारा किडा सहज हाती लागतो, पण तो विषबाधेमुळेच तसा झालेला असू शकतो. तो उचलायचाच नाही.

आता वर्ज्य किडे. पहिला मान काजव्याचा. त्याच्या अंगात लुसिबुफॅजिन नावाची द्रव्यं असतात. टोड प्रकारच्या बेडकांच्या कातडीतल्या विषाशी त्यांचं जवळचं नातं आहे आणि ती हृदयावर घाला घालतात. बिअर्डेड ड्रॅगन जातीचे पाळीव सरडे काजवे खाऊन मेल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, त्यासाठी एखादाच काजवाही पुरतो. सगळ्याच जातींची तपासणी झालेली नाही, तेव्हा काजवा कुठलाही असो, अळी असो वा प्रौढ, नकोच. ब्लिस्टर भुंगेऱ्यात कँथरिडिन असतं, त्याने तोंडापासून आतड्यापर्यंत फोड येतात. रुईवर किंवा कण्हेरीवर वाढलेली फुलपाखरं, अळ्या, टोळ आणि पिवळा मावा यांच्यात त्या झाडांचं हृदयाला बाधणारं विष साठलेलं असू शकतं. केसाळ सुरवंट, ढालकिडे, घाण वास सोडणारे ढेकण्या किडे, मुंग्या आणि गांधीलमाश्याही सोडा.

‘भडक रंग म्हणजे विषारी’ हा नियम बरा आहे, पण अपुरा. काजवा दिवसा अगदी साधा, तपकिरी दिसतो. आणि ‘प्राण्याला आपोआप कळतं’ यावर तर मुळीच विसंबू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या शॅमेलिऑनने तो किडा आधी कधी पाहिलेलाच नसतो.

प्रश्न : पकडलेला किडा दोन दिवस बरणीत ठेवून मग दिला तर तो स्वच्छ होतो ना?

उत्तर : अर्धाच. 24 ते 48 तास हवेशीर डब्यात, धुतलेली पालेभाजी आणि गाजराचा तुकडा घालून ठेवला, तर जास्त विष खाल्लेला किडा बहुधा तिथेच थरथरतो किंवा मरतो. एक मेला तर त्या फेरीतले सगळे टाकून द्या. कोळी मात्र एकेका डब्यात वेगळा ठेवा, नाहीतर एकच उरेल.

परोपजीवी काही या मुक्कामाने जात नाहीत. झुरळं, रातकिडे आणि भुंगेरे यांच्या शरीरात जठरातल्या काही कृमींच्या अळ्या दडलेल्या असतात. माशा विष्ठेवर बसून कॉक्सिडियासारखे (आतड्यात वाढणारे एकपेशी) जंतू पायांवर वाहून आणतात. यावर चांगला उपाय म्हणजे पकडलेले टोळ थेट न देता त्यांची पैदास करणं. बरणीत सुमारे 10 सेंटिमीटर ओलसर वाळू भरून मादीला अंडी घालू द्या आणि पुढची पिढी खाऊ घाला. ज्या कृमींना वाढायला दोन यजमान लागतात त्यांची साखळी इथे तुटते. जुने टोळ, त्यांची विष्ठा आणि उष्टा चारा मात्र पिल्लांपासून दूर ठेवा.

बाहेरचे किडे नेहमी देत असाल तर वर्षातून दोनदा विष्ठा तपासून घ्या. नमुना ताजा हवा. लगेच नेता येत नसेल तर बंद डबीत फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. कृमींची अंडी विष्ठेत रोज पडत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने दिलेले बरे.

प्रश्न : टोळ खायला लागल्यापासून माझा पँथर शॅमेलिऑन रातकिड्यांकडे बघतसुद्धा नाही.

उत्तर : हट्ट आहे असं धरून चालण्याआधी ऊन घेण्याच्या फांदीवरचं तापमान मोजा, कात टाकतोय का ते पाहा, जबड्यावर सूज नाही ना ते तपासा. मादी असेल तर तिच्या पोटात अंडीही असू शकतात. हे सगळं ठीक असेल आणि प्राणी प्रौढ, अंगाने भरलेला असेल, तर टोळ पूर्ण बंद करा. दोन-तीन दिवस फक्त पाणी द्या, मग एखादाच रातकिडा ठेवा. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नका, ते झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात. पिल्लाला किंवा रोडावलेल्याला असं उपाशी ठेवायचं नाही.

प्रश्न : बाहेरचे किडे पौष्टिक असतात, मग कॅल्शियमची भुकटी बंद करू का?

उत्तर : नको. त्यांच्या आहारात विविधता असते, कॅरोटिनॉइडं (पिवळी-केशरी रंगद्रव्यं) जास्त मिळतात, पण बहुतेक किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. भुकटी आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा दोन्ही चालू ठेवा.

प्रश्न : काजवा गिळलाच तर काय करायचं?

उत्तर : लक्षणांची वाट पाहू नका. तोंड वासणं, डोकं झटकणं, अंग काळं पडणं, श्वास घेताना धडपडणं हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो आणि पुढचा खेळ तास-दोन तासांचाही असू शकतो. ओकारी काढायला जाऊ नका, तोंडात पाणी ओतू नका. प्राणी हवेशीर डब्यात घालून लगेच सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्या आणि निघतानाच फोन करून कळवा. उरलेला काजवा किंवा त्याचा फोटो सोबत घ्या.