जब्दीला कोणी विचारलं होतं?

प्रश्न: ताई, मी वसईच्या किनाऱ्यावरचा कोळी, वय ५४, स्वतःची बोट आहे. मोठा मुलगा २४ वर्षांचा, माझ्याबरोबर समुद्रात येतो. ईस्टरनंतर म्हणाला, 'मला प्रभूचं पाचारण आहे, मी धर्मसंघात जाणार.' बोटीचं इंजिन बदललं त्याचं कर्ज त्याच्या नावावर आहे. बायको चारचौघांत मिरवते आणि रात्री रडते. मुलगी बारावी झाली, हिशेब तीच बघते. मी रागात म्हणालो, चौथी आज्ञा विसरलास का, आईबापाचा मान राख! तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. देवाला नाही कसं म्हणू? आणि हो म्हटलं तर बोटीचं काय?
– एक नाखवा

भाऊ, जय ख्रिस्त.

देवाला नाही कसं म्हणू, ही चिंता आधी बाजूला ठेवा. पोराचं पाचारण खरं की चार दिवसांची हौस, याचा निवाडा तुम्ही करायचा नाही आणि त्याने एकट्यानेही नाही. त्यासाठी चर्चने चांगली लांबलचक वाट आखली आहे. आधी उमेदवारी, मग निदान बारा महिन्यांचं नॉव्हिशिएट, म्हणजे संघात राहून शिकण्याचा आणि पारखण्याचा काळ, मग तात्पुरती व्रतं, तीही कमीत कमी तीन वर्षांची, आणि त्यानंतर आजन्म व्रतं. नॉव्हिशिएटमधून तो कधीही घरी येऊ शकतो. 'बाळा, हे तुझं काम नव्हे' म्हणून संघही त्याला परत पाठवू शकतो. तसा आलाच, तर बंदरावर कुजबुज होईल. तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहायचं, एवढं मात्र आत्ताच ठरवून ठेवा.

तुमचा खरा प्रश्न बोटीचा. तो तुम्ही शेवटी, जरा ओशाळून विचारलात. ओशाळू नका. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत असतात, येशू हाक मारतो आणि ते बापाला, जब्दीला, तिथेच सोडून निघतात. या प्रसंगावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली, सगळी पोरांवर. जब्दीला काय वाटलं, हे कोणी बोलत नाही. मार्क मात्र एक बारीक गोष्ट टिपतो: पोरं गेली तेव्हा बापाजवळ पगारी माणसं होती. म्हणजे तारू पाण्यात लोटायला हात होते. आणि त्या पोरांची आई पुढे येशूच्या मागे गेलेल्या बायकांत दिसते, थेट क्रुसापर्यंत. वहिनींना हे सांगा. त्यांचं मिरवणंही खरं आणि रडणंही खरं; टोकू नका.

आता चौथी आज्ञा. तुम्ही ती रागात फेकून मारलीत म्हणून तो दुखावला, पण तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. आईबापाला द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने चांगलंच फटकारलंय. मार्कचाच सातवा अध्याय वाचा. तुमचा मुलगा हे वाचेल असं धरून त्यालाही सांगते. बाळा, कर्ज तुझ्या नावावर आहे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला नॉव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असं चर्चच्या कायद्यात, कलम ६४४ मध्ये, लिहिलेलं आहे. संघाच्या फादरना भेटायला जाशील तेव्हा कर्जाचे कागद बरोबर ने.

आणि भाऊ, इथेच तुमचा पाय घसरायची भीती आहे. 'कर्ज फिटू दे, मग जा' हे ऐकायला रास्त वाटतं. पण मच्छीमाराचं कर्ज फिटतं कधी? इंजिनाचं संपलं की जाळ्याचं, जाळ्याचं संपलं की बहिणीचं लग्न. असल्या होकाराला पोरं नकारच समजतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून तारीख द्या. उरलेले हप्ते मोजा, किती तो भरणार, किती तुम्ही अंगावर घेणार ते लिहून काढा आणि अमुक ईस्टरला तू मोकळा, असं सांगून टाका. मग एक दिवसही वाढवायचा नाही.

तेवढं थांबल्याने त्याचं काही बिघडणार नाही. आपल्या वसईचाच संत गोन्सालो गार्सिया बघा. जपानात जेज्विट संघाच्या फादरांबरोबर राबला, पण त्यांनी संघात घेतलं नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही फादर नव्हे, साधा ब्रदर, म्हणजे व्रतं घेतलेला पण धर्मगुरू नसलेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. संत म्हणून घोषणा झाली १८६२ मध्ये. मुलाला हेही विचारा: तुला फादर व्हायचंय की ब्रदर? की प्रभूच्या मागे जायचंय आणि त्यासाठी झगा लागतोच असं वाटतंय? पुष्कळ पोरांनी हा विचारच केलेला नसतो. शिष्य तर आपण बाप्तिस्म्यापासूनच आहोत. खलाशांचा पगार वेळेवर चुकवणारा नाखवाही त्यात आला, म्हणजे तुम्हीसुद्धा.

बोलायचं कधी? १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोट वर ओढून शाकारलेली, बापलेक जाळ्याला बसलेले. समोर बसवून जाब विचारलात तर तो गप्पच राहील. हात जाळ्यात गुंतलेले असले, नजर खाली असली की आपली माणसं बोलतात.

बोटीवर पगारी तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, ठेवता येतो. महाग पडेल, पण मिळतो. मला जास्त खटकलं ते वेगळंच. मुलीबद्दल तुम्ही सगळ्या पत्रात एकच वाक्य लिहिलंत. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे, हे सगळं जिच्या वहीत आहे ती अर्धी बोट आजच चालवतेय. तिला पुढे शिकायचंय, की हा धंदा हवाय? विचारलंत कधी? हवा असेल तर भावाच्या जागी तिचं नाव लागू शकतं. मुलाशी तारखेचं बोलण्याआधी तिच्याशी बोला.