मापे आधी, सुटे भाग नंतर

प्रश्न : वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या शेतातल्या शेडमध्ये नऊ वर्षांपासून उभी आहे आणि तिचे इंजिन जाम झाले आहे. ते घरीच खोलून पुन्हा बांधायचे आहे. जळगावला पिस्टन-रिंगचा पूर्ण संच मिळतो आहे. तो आताच घेऊन ठेवावा का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : संच आताच घेऊ नये. तुमच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य भागाला, कोणत्या मापाचा पिस्टन लागेल, हे इंजिन खोलून मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. हे मूळ फियाट ११०० चे १०८९ सीसीचे इंजिन आहे. नवे असताना त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटरचा असतो, परंतु इतक्या वर्षांत तो झिजलेला असेल किंवा पूर्वी कोणीतरी बोअर मारून मोठाही केलेला असेल.

आधी जाम सोडवावा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल ओतावे, चार-पाच दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुलीच्या नटाला पाना लावून दोन्ही बाजूंना हलके हलके फिरवून पाहावे. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढण्याचा सल्ला मिळाल्यास तो मुळीच ऐकू नये. त्यात रिंगा तुटतात आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेपासून बोट खाली न्यावे. जिथे वरची रिंग येऊन थांबते, तिथे नख अडकले तर ती झिजेची पायरी समजावी. आमच्या घरच्या गाडीत एका गॅरेजने ही पायरी न काढताच नव्या रिंगा बसवल्या होत्या. वरची नवी रिंग त्या पायरीवर आदळून थोड्याच दिवसांत तुटली आणि सिलिंडरला ओरखडे पडले. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तेही एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा आणि सर्व आकडे वहीत लिहावेत.

ही मापे पहाटे घ्यावीत, हे मी खान्देशातल्या वाचकांना मुद्दाम सांगतो. मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश मानले जाते. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांना ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, त्यामुळे दोहोंमधली फट प्रत्यक्षापेक्षा सुमारे दोन शतांश मिलिमीटरने कमी दिसते, आणि या कामात तेवढा फरक मोठा ठरतो.

बेअरिंगच्या आणि रॉडच्या टोप्या (क्रँकला धरून ठेवणारे सुटे अर्धे भाग) काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक ठोकावेत, कारण त्या आपापल्या जागी बसवूनच मूळ मशीनिंग झालेले असते. एका जागेची टोपी दुसऱ्या जागेला चालत नाही. पुसण्यासाठी वेस्ट कॉटन वापरू नये. आपल्याकडे ते मुबलक मिळते, परंतु त्याचा एखादा तंतू ऑइलच्या बारीक छिद्रात अडकला तर बेअरिंग कोरडे पडते. धुवून मऊ झालेले जुने धोतर उत्तम. बोअर मारणे, क्रँक ग्राइंड करणे आणि हेडचा पृष्ठभाग सपाट करणे ही कामे मात्र मशीन शॉपकडेच द्यावीत. त्यांच्या मापानुसार संच घ्यावा. ब्लॉक बदलून तयार इंजिन घालण्याचा मोह टाळावा, कारण आरसीवर नोंदलेला इंजिन क्रमांक जुन्या ब्लॉकवरच आहे.

प्रश्न : फियाटचे इंजिन नुकतेच बांधून झाले आहे. ते दोन दिवस जागेवरच मंद चालू ठेवावे, असे सांगितले जाते. ते योग्य आहे का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : योग्य नाही. मंद गतीवर दाब पुरेसा नसल्याने रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत आणि भिंती गुळगुळीत होऊन पुढे ऑइल जळू लागते. प्लग काढून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे, मध्ये थांबत फिरवावे. ऑइलचा दिवा विझला की प्लग लावून सुरू करावे, पाणी तापल्यावर गाडी रस्त्यावर काढावी आणि वेग सतत कमी-जास्त करत चालवावी. पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत भरलेली गाडी कन्नडच्या घाटात चढवू नये. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावेत आणि इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने पुन्हा आवळून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासावेत.